कुणाला विचारलं?

संशोधनाचं नाव काढलं की नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना कापरं भरायचं. पेशंटची उलटी अंगावर आली तर धुऊन टाकता येते, पण ढीगभर लेख वाचून त्यांचा तक्ता करायचा म्हटलं की भल्याभल्या मुली डोकं धरून बसत. धाकटी तेवढी अपवाद. घरात दोन भावंडांत ती धाकटी, आणि वर्गातही वयाने सगळ्यांत लहान, म्हणून तेच नाव तिला दोन्हीकडे चिकटलं होतं. होस्टेलच्या भिंतीवर मोठे कागद डकवून ती पट्टीने रेघा मारायची. एका आडव्या ओळीत एक लेख. कुणी लिहिला, कधी, कुणाला विचारलं, कसं विचारलं, काय निघालं, काय राहून गेलं, असे उभे रकाने. मैत्रिणी म्हणायच्या, हिला स्थळं सांगून आली तर ही त्यांचाही तक्ता करेल आणि सगळ्यांच्या त्रुटी काढून सगळ्यांना नकार देईल.

तिचा विषय होता, बरा न होणारा आजार झालेल्या माणसाला ते सांगावं की नाही. विषय मंजूर झाला तेव्हा तिची आई ठणठणीत होती. एवढे विषय पडलेत आणि हिला हाच बरा सापडला, असं मनात येतं खरं, पण पुढचं कुणाला दिसतं? नंतर आईचं पोट दुखायला लागलं, डोळे पिवळे झाले, आणि डॉक्टरांनी बाबांना आणि दादाला आत बोलावून सांगितलं की रोग यकृतात पसरलाय, आता फार काही हातात नाही. आईला सांगितलं, सूज आहे, औषधांनी उतरेल. त्याच संध्याकाळी बाबांनी धाकटीचा हात हातात घेऊन शब्द घेतला की आईसमोर अवाक्षर काढायचं नाही. कळलं तर ती हातपाय गाळेल, जी काही उमेद आहे तीही राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. दादाने मान डोलावली. धाकटीनेही शब्द दिला.

विषय बदलायची सोय होती. पण बदलायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगताना रडू फुटलं असतं. त्यापेक्षा लेख वाचणं सोपं होतं. दर शनिवारी ती बसने घरी जायची, आईजवळ बसायची, सोमवारी पहाटे परत यायची आणि रकाने भरायची. एका बाजूला मूग गिळून बसायचं आणि दुसऱ्या बाजूला त्याच गोष्टीवर पानंच्या पानं लिहायची, हे तिला कसं जमत होतं कोण जाणे. जमत होतं हे मात्र खरं. माणूस मोठा विचित्र प्राणी आहे.

तिच्या मार्गदर्शक मॅडम जिभेने तिखट होत्या आणि नजरेने त्याहून. मुलीने तक्ता आणला की त्या सगळा वाचत बसत नसत. कुठल्याही एका चौकोनावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, मूळ लेख काढ, हे कुठे लिहिलंय ते दाखव. धाकटीच्या तक्त्यात त्यांचं बोट 'कुणाला विचारलं' या रकान्यावर पडलं. तिथे वरपासून खालपर्यंत 'रुग्ण' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. धाकटीने लेख काढला, पद्धतीच्या भागावर आली आणि तिचे कान तापले. प्रश्नावली रुग्णांना दिलीच नव्हती. शेजारी बसलेल्या नातेवाइकांना दिली होती, आणि रुग्णाला काय हवं असेल असं वाटतं, ते त्यांना विचारलं होतं.

"सारांश वाचून रकाने भरलेस ना?" मॅडम म्हणाल्या. "सारांशात रुग्णाची इच्छा असं लिहिलेलं असतं. ती सांगितली कुणी, ते आत जाऊन बघावं लागतं. सगळे लेख पुन्हा काढ. आणि भरून झालं की आडवं वाचू नकोस, हा एकच रकाना वरून खाली वाच."

धाकटी नाक मुठीत धरून परत आली आणि कामाला लागली. एकेक लेख उघडायचा, पद्धतीचा भाग डोळ्यांत तेल घालून वाचायचा, 'रुग्ण' खोडायचं. त्या जागी कुठे मुलगा आला, कुठे बायको, कुठे डॉक्टर, कुठे नर्स, तर कुठे चक्क धडधाकट माणसं, ज्यांना विचारलं होतं की समजा तुम्हाला असं झालं तर. खरोखरच्या रुग्णांना विचारलेले लेख थोडे होते, आणि त्या रुग्णांनाही आजार आधीच सांगितलेला होता. ज्याला सांगितलंच नाही, अशा माणसाला तिने जमवलेल्या एकाही लेखात कुणी विचारलेलं नव्हतं.

तिने धावत जाऊन मॅडमना दाखवलं. मॅडमनी रकाना वरून खाली वाचला आणि त्या कधी नव्हे ते हसल्या. आजवरच्या संशोधनात राहून गेलेली हीच ती त्रुटी, म्हणाल्या, यावरच तुझं काम उभं राहील. धाकटीने विचारलं की न सांगितलेल्या माणसाला विचारणार तरी कसं, विचारलं की सांगितल्यासारखंच झालं. त्यावर मॅडम म्हणाल्या, "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल, एवढंच विचारायचं. नको म्हणाला तर गप्प बसायचं. साधं वाक्य आहे गं. पण धीर होत नाही कुणाचा."

त्या आनंदात ती शनिवारच्या बसमध्ये चढली. मैत्रिणींना सांगून झालं होतं, दादाला फोनवर सांगून झालं होतं. खिडकीशी जागा मिळाली, बस सुटली, आणि अचानक तिच्या लक्षात आलं की आपण ज्या माणसाचा शोध लागला म्हणून नाचतोय, ते माणूस आपल्या घरी पलंगावर पडलंय. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग उरलेला सगळा रस्ता ती ते वाक्य मनात घोळवत राहिली. 'तुम्हाला'च्या जागी 'तुला'. तुझ्या आजाराबद्दल तुला किती जाणून घ्यायला आवडेल?

घरी पोचल्यावर तिने आधी बाबांना गाठलं. ते मोरीत आईचे कपडे धूत होते. लग्न झाल्यापासून स्वतःचा रुमालही न धुतलेला माणूस आता चादरी पिळायला शिकला होता. तिने सगळं समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, नळ बंद केला आणि म्हणाले, तिने विचारलं तर सांग, मी अडवणार नाही, पण आपण होऊन विषय काढू नकोस. एवढं बोलून त्यांनी पुन्हा नळ सोडला. धाकटी बरं म्हणाली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं झालं. तिचीही छाती होत नव्हती, आणि आता लपायला बाबांची पाठ मिळाली होती.

रविवारी आईला जरा हुशारी वाटत होती. उशीला टेकून बसली, अर्धा कप दूध प्याली, दादाच्या सुटलेल्या पोटावरून त्याला चार शब्द ऐकवले. मग धाकटीला म्हणाली, "तुझ्या त्या तक्त्याचं कुठवर आलं? विषय काय आहे म्हणालीस?"

वाक्य तोंडात तयार होतं. आईने स्वतःच दार उघडलं होतं. धाकटी म्हणाली, जखमा कशा बांधायच्या त्यावर आहे.

आई म्हणाली, "चांगलं आहे. लोकांच्या उपयोगी पडेल."

तक्ता द्यायची तारीख पुढच्या आठवड्यात होती. एकदा तो दिला की डोकं मोकळं होईल, मग निवांत विचारू, असं तिने ठरवलं. पेशंटच्या घरच्यांनी असं काही म्हटलं की वॉर्डात याच धाकटीला राग यायचा.

तक्ता दिला त्या दिवशी ती सकाळपासून वॉर्डात ड्यूटीवर होती. दुपारी दादाचा फोन आला की आई काहीबाही बोलतेय, ओळखत नाहीये, लगेच निघ. ती अंगावरच्या गणवेशानिशीच बसमध्ये बसली. यकृत थकलं की डोक्यावर परिणाम होतो, हे तिला पाठ होतं. त्या पाठांतराचा वाटेत काडीचाही उपयोग झाला नाही.

ती पोचली तेव्हा दादा डॉक्टरांना आणायला गेला होता आणि बाबा आठवड्याच्या जागरणाने बाहेरच्या खोलीत खुर्चीतच झोपले होते. आईचे डोळे उघडे होते. धाकटी वाकली, तसं आईने तिच्या गणवेशाची बाही धरली.

"सिस्टर," आई म्हणाली, "एक काम होतं."

"आई, मी आहे."

"हो, तुम्हीच. दुसऱ्या सिस्टर ऐकत नाहीत." आईने दाराकडे बघून आवाज बारीक केला. "माझ्या मुलीला सांगू नका हं. परीक्षा आहे तिची."

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. तिचा आवाज कसा कोण जाणे वॉर्डातला निघाला. "काय सांगू नको?"

"हेच. की मी यातून उठत नाही." आई थांबून थांबून बोलत होती. "त्या दिवशी डॉक्टरांकडून माझा मुलगा बाहेर आला आणि त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. जन्मात कधी घेतली नव्हती. तेव्हाच कळलं मला. पण सगळे इतकं छान खोटं बोलतात, म्हटलं कशाला मोडा."

"तुम्हाला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही?"

"मुलीशी वाटायचं. ती नर्स होणार आहे, तिला कळलं असतं. खूप भीती वाटते हो, सिस्टर. पण ती आली की हसते, मग मीही हसते."

धाकटीने तिचे दोन्ही हात धरले, आई, आई म्हणून हाका मारल्या, डोक्यावरची टोपी काढली, गाल तिच्या गालाला लावला. आईने तिच्या पाठीवर थोपटलं, एखाद्या परक्या माणसाला धीर द्यावा तसं. म्हणाली, रडू नका, तुम्हाला रोजच बघावं लागतं हे. मग तिचे डोळे जड व्हायला लागले.

"ती शनिवारी येते," आई म्हणाली. "आली की मला उठवा. झोपलेली असले तरी उठवा."

"उठवते," धाकटी म्हणाली.

आईला झोप लागली. धाकटी उठून आत गेली, गणवेश काढला, घरातला जुना ड्रेस घातला, आई घालायची तशी वेणी घातली आणि परत येऊन जवळ बसली. दादा डॉक्टरांना घेऊन आला, बाबा जागे झाले, अंधार पडला, उजाडलं. ती मधूनमधून आईचा खांदा हलवत होती आणि सांगत होती की मी आलेय, ऊठ. आई उठली नाही.