जॉर्जियाहून आलेला बिल्ला

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी शशिधरांना अमेरिकेहून पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. पुठ्ठ्याच्या तुकड्याला टोचलेला एक बिल्ला तेवढा होता. मधोमध माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा हसरा चेहरा आणि भोवती त्यांच्या आयुष्यातल्या गोष्टी बारीक चितारलेल्या: भुईमुगाची शेंग, पाणबुडी, व्हाइट हाउस, गरिबांची घरं बांधायचा हातोडा. खाली जन्ममृत्यूची सालं, १९२४ आणि २०२४.

पाठवणाऱ्याच्या जागी नाव नव्हतं, नुसता अटलांटाजवळचा पत्ता होता. पण जर्मनीतल्या त्यांच्या शहराचं नाव, ‘झिंडेलफिंगेन’, ज्या अक्षरात लिहिलं होतं ते त्यांनी लगेच ओळखलं. त्या स्पेलिंगमधल्या पहिल्या ‘एस’ला अशी लांब शेपूट काढायची सवय तिला शाळेपासून होती.

“कुणाचं आहे हो?” नीलिमाताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“मनूचं.”

नीलिमाताई हात पुसत बाहेर आल्या. गेली अकरा वर्षं या घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

मनोरमा त्यांची पाच वर्षांनी धाकटी बहीण. विक्रोळीला एका कारखान्याच्या वसाहतीत दोघं वाढली. वडील तिथे फिटर, आई वसाहतीच्या दवाखान्यात नर्स. त्याच दवाखान्यात साठच्या दशकात कार्टर यांची आई स्वयंसेविका म्हणून जवळपास दोन वर्षं काम करून गेली होती. शशिधरांच्या आई, नंदिनीबाई, कामाला लागल्या त्या नंतर वर्षभरानं. दोघींची भेट कधी झालीच नाही. तरीही १९७६ साली तो मुलगा अध्यक्ष म्हणून निवडून आला तेव्हा नंदिनीबाईंनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. “आमच्या दवाखान्यातल्या बाईंचा मुलगा,” असं त्या इतक्या सहज सांगायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, या दोघी रोज एकत्र डबा खायच्या.

पुढे शशिधर गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून जर्मनीत आले आणि मनोरमा लग्न होऊन अमेरिकेत, कार्टर यांच्याच जॉर्जिया राज्यात गेली. आई विक्रोळी सोडायला तयार नव्हती. २०१३ च्या पावसाळ्यानंतर ती आजारी पडली. आठ-दहा दिवस तरी आहेत, असं डॉक्टर म्हणाले. शशिधरांच्या विभागात त्याच आठवड्यात नव्या मॉडेलचं काम सुरू होत होतं. त्यांनी शुक्रवारचं तिकीट काढलं. आई गुरुवारी पहाटे गेली.

मनोरमा दुप्पट लांबून येऊन तीन दिवस आधी पोचली होती. शशिधर शनिवारी सकाळी दारात उभे राहिले, तेव्हा तिनं त्यांना आत यायलासुद्धा जागा दिली नाही.

“शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती,” ती म्हणाली. “शशी आला का, शशी आला का. दर तासाला. काय सांगायचं होतं मी तिला?”

दिवस झाले आणि दोघं आपापल्या देशी परतली. शशिधरांनी चार-पाचदा फोन केले. तिनं उचलले नाहीत. मग त्यांनी करणं सोडून दिलं. पण ते वाक्य काही सुटलं नाही. कॅन्टीनच्या रांगेत, एस-बान लोकलच्या फलाटावर, दाढी करताना, कुठेही त्यांना आईचा तो प्रश्न ऐकू यायचा. मुदतीच्या दोन वर्षं आधी त्यांनी निवृत्ती घेतली. कारण विचारलं तर गुडघे म्हणायचे.

बिल्ला तीन दिवस टेबलावर पडून राहिला. शुक्रवारी जेवताना नीलिमाताई म्हणाल्या, “अहो, फोन करा तिला.”

“करून बोलू काय?”

“मिळाला म्हणून सांगा. पोस्टानं आलेली वस्तू मिळाली की माणूस कळवतो.”

“तिचा नंबर बदललाय.”

“माझ्याकडे आहे.” त्यांनी वरणाची वाटी पुढे सरकवली. “दर दिवाळीला मी तिला शुभेच्छा पाठवते.”

“आणि ती?”

“तीही पाठवते. तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

शशिधरांनी जेवण उरकलं. मग दोन वाजेपर्यंत, म्हणजे तिकडचे सकाळचे आठ होईपर्यंत, थांबले आणि बेडरूमचं दार लोटून फोन लावला.

“हॅलो?” आवाज जाड झाला होता, पण तोच होता.

“मी दादा बोलतोय.”

पलीकडे कुठलं तरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. “मिळाला?”

“मिळाला. मंगळवारीच. चिठ्ठी नव्हती आत.”

“लिहायला बसले होते. तीनदा. नाही जमलं.”

शशिधरांनी विचारलं, “कुठे घेतलास?”

“जानेवारीत कार्टरांचं पार्थिव इथे दर्शनाला ठेवलं होतं. मी गेले होते. थंडी काय होती! तीन तास रांगेत उभी होते. रुद्र म्हणाला, आई, तुला काय पडलंय त्याचं, तू कधी मतसुद्धा दिलं नाहीस त्यांना. म्हटलं, मी माझ्यासाठी नाही चाललेय, तुझ्या आजीच्या वतीनं चाललेय.” रुद्र तिचा मुलगा. शशिधरांनी त्याला शेवटचा पाहिला तेव्हा तो कॉलेजात होता. “बाहेर एक बाई बिल्ले विकत होती. मी दोन घेतले.”

“आई खूश झाली असती.”

“दादा, ते दिल्लीला आले होते तेव्हाचं तुला माहीत आहे का? अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत?”

“मी पुण्याला होतो तेव्हा, नोकरीत.”

“म्हणूनच विचारतेय. आईनं मनाशी धरलं होतं, की ते विक्रोळीला येणार. स्वतःच्या आईनं जिथे काम केलं ती जागा बघायला मुलगा येणारच, म्हणाली. दवाखान्याच्या खिडक्या स्वतः पुसल्या. इस्त्रीचं पातळ नेसून दोन दिवस कामावर गेली. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, पाहुणे दिल्लीहूनच परत गेले. आम्हाला हसू यायला लागलं. तर ती म्हणाली, हसू नका. कामात असेल तो. त्याच्या आईला कळत असेल.”

शशिधर पलंगाच्या कडेवर बसले.

“रांगेत उभी असताना मला तेच आठवलं,” मनोरमा म्हणाली. “दादा, मी तुझ्याशी खोटं बोलले.”

“काय खोटं?”

“आईनं तुझं नाव नव्हतं घेतलं. कुणाचंच नाही. मी सोमवारी पोचले, तेव्हा तिनं मला ओळखलं. दमली असशील, जेवून घे, एवढंच म्हणाली आणि डोळे मिटले. मंगळवारपासून शुद्धच नव्हती. मी एकटीनं सगळं केलं आणि तू सूटकेस घेऊन दारात उभा राहिलास. मला इतका राग आला, की तुला कुठे लागेल तेच शोधून बोलले. नंतर सांगायचं होतं. जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं.”

शशिधरांना हलकं वाटायला हवं होतं. अकरा वर्षं छातीवर ठेवलेलं कुणी तरी उचललं होतं. पण त्यांना वाटलं ते वेगळंच. अकरा वर्षं विक्रोळीच्या त्या लहानशा खोलीतून आई त्यांना बोलावत होती. त्रास व्हायचा, पण हाक होती. आता त्या खोलीत कुणीच काही विचारत नव्हतं.

“दादा? रागावलास?”

“नाही गं.” त्यांचा आवाज फुटला. “मनू, तू पोचायच्या आधी तरी विचारलं असेल का तिनं? एकदा तरी?”

मनोरमाला हो म्हणणं सोपं होतं आणि ती ते म्हणाली नाही, हे त्यांना कळलं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. “आधीचे दिवस शेजारच्या मनसुखकाकू बसायच्या तिच्याजवळ. त्यांना विचारायला हवं होतं. त्याही गेल्या.”

शशिधर रडले. साठीत आईसाठी न रडलेला माणूस एकाहत्तराव्या वर्षी मोठ्यानं रडला. पलीकडे मनोरमानं फोन तसाच धरून ठेवला. नीलिमाताई दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

नंतर दर शुक्रवारी दोन वाजता फोन व्हायला लागले. सप्टेंबरात मनोरमा तीन आठवडे राहायला येणार आहे. नीलिमाताईंनी आत्तापासून वरच्या खोलीतली गादी बदलून घेतली आहे. फोनवर बहुतेक वेळा गुडघे, हवा, रुद्रची नोकरी असंच काही असतं. पण ठेवायच्या आधी शशिधर हमखास विचारतात, “ते कसं म्हणाली होती गं ती? दमली असशील?”

पहिल्यांदा तिला सांगताना संकोच वाटला होता. आता ती थांबते, श्वास घेते आणि आईसारखा शेवटचा शब्द जरा ओढून म्हणते, “दमली असशील. जेवून घे.”

शशिधर डोळे मिटून ऐकतात. कधी कधी म्हणतात, “परत एकदा म्हण.”