केबिनमधलं गाडगं

माझ्या केबिनमध्ये कोणी बूट घालून शिरलं की माझं डोकं फिरतं. आमच्या रडार-ठाण्यावर नव्यानं आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावतात: वादळात टेकडीच्या वाटेवर बांधलेला दोर सोडायचा नाही, आणि नझार येफिमिचच्या केबिनमध्ये बूट काढल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. दोर सोडला तर निदान शोधायला माणसं निघतात.

केबिन टेकडीच्या माथ्यावर आहे. वर रडारची अँटेना घरघरत फिरते आणि आत रडारच्या यंत्रातले माझे दिवे तापत असतात, जाड काचेचे, एकेक हातभर उंच. मी रोज ते मऊ फडक्यानं पुसतो. त्यांना घाई चालत नाही. आधी नुसती ऊब द्यायची, मग वाट बघायची आणि मगच मोठा खटका ओढायचा. बाहेर थंडीनं पापण्या चिकटतात तेव्हाही माझ्याकडे नुसत्या सदऱ्यावर बसता येतं, म्हणून हिवाळा आला की ज्याला त्याला माझ्याकडे काहीतरी काम निघतं.

पोरं माझ्यामागे मला 'दिवेवाले आजोबा' म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या बायरामची. हा तुर्कमेनियाच्या वाळवंटातला. रडारच्या पडद्यासमोर बसून ठिपके वाचतो, आणि ऑक्टोबरपासून मेपर्यंत मला एकच प्रश्न विचारतो, "आजोबा, इथं माणसं राहतात हे सरकारला माहीत आहे का?"

मला मात्र इथं बरं वाटतं. शनिवारी वाफेचं न्हाणं असतं, रविवारी तोच तो सिनेमा असतो. एकदा त्याची रिळं चुकून उलट्या क्रमानं लागली आणि शेवटी नायक-नायिकेची ओळख झाली, तर सगळ्यांना तसाच जास्त आवडला. आणि रोज सकाळी खालच्या भटारखान्यातून काळ्या पावाचा वास टेकडीवर येतो. त्या वासासाठी मी इतकी वर्षं नोकरीची मुदत वाढवत राहिलो असं म्हटलं तरी चालेल. वास म्हणजे अर्थात स्तेपानीदा.

स्तेपानीदा लुकिनिच्ना खाली किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातली. नवरा पांढऱ्या समुद्रात बुडाला त्याला खूप वर्षं झाली. पुढं ठाण्यानं तिला पाव भाजायला ठेवून घेतलं. पोरं तिला मावशी म्हणतात आणि तिच्यासमोर ताटात तुकडा टाकायची त्यांची छाती होत नाही. तिचं खमीर, म्हणजे पाव फुगवायचं विरजण, तिच्या आजीपासून चालत आलेलं, मातीच्या गाडग्यात, तोंडाला फडकं बांधलेलं. कॅप्टन रुदाकोवच्या बायकोनं, तमारानं, एकदा त्यातलं वाटीभर मागितलं. आम्ही सगळे जेवायला बसलो होतो.

"पाव हवा तेवढा ने बाई," स्तेपानीदा म्हणाली, "पण खमीर आमच्या घराबाहेर जात नाही. सख्ख्या बहिणीनं मागितलं, तिलाही दिलं नाही. ती आता दुसऱ्या घरची."

तमारा आठवडाभर फुगून बसली होती. पाव मात्र खात होती.

सप्टेंबरात आम्ही सगळे दलदलीकडे लाल रानफळं वेचायला गेलो, तेव्हा मी एकदाचं धाडस केलं. म्हटलं, "स्तेपानीदा लुकिनिच्ना, माझी मुदत नव्या वर्षाला संपतेय. बहीण कुर्स्कला बोलावतेय. तिच्याकडे सफरचंदाची झाडं आहेत, एक खोली रिकामी आहे. पण तुम्ही लग्नाला हो म्हणालात तर मी कुठंही जाणार नाही."

एवढं लांबलचक मी आयुष्यात कोणाशी बोललो नव्हतो, अँटेनेची मोटार बिघडल्याचं सांगतानाही नाही.

ती म्हणाली, "बघू." मग माझ्या बादलीत डोकावून म्हणाली, "तुमच्यात फळांपेक्षा पानंच जास्त आहेत."

त्यानंतर त्या विषयावर अवाक्षर नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. बाईला तेच पुन्हा विचारणं म्हणजे टुमणं लावणं, ते माझ्याच्यानं होईना. शेवटी मनाशी ठरवलं, डिसेंबरचं हेलिकॉप्टर येईपर्यंत ती काही बोलली तर राहायचं, नाहीतर त्यातूनच निघायचं. बॅग भरून पलंगाखाली सरकवली. खरं सांगतो, भरताना हात चालत नव्हते.

डिसेंबर लागला आणि भटारखान्यातल्या भट्टीची कमान कोसळली. पोरं विटा रचायला लागली. तोवर लोखंडी चुलीवर पत्र्याच्या साच्यात पाव होणार होता, पण भट्टीविना भटारखाना रात्री असा गारठायचा की खमीर मेलंच असतं. तमारा धावत आली. "माझ्याकडे ठेवा, माझी चूल रात्रभर पेटती असते," म्हणाली. जुनं सगळं विसरून आली होती बिचारी.

स्तेपानीदानं तिला "नको" म्हटलं, गाडगं शालीत गुंडाळलं आणि भर वाऱ्यात दोर धरून टेकडी चढून माझ्या दारात उभी राहिली. दारातच तिनं बूट काढले.

"हे इथं ठेवायचंय," ती म्हणाली.

"इथं? अहो, हे गुप्त यंत्र आहे! इथं कॅप्टनसुद्धा विचारून येतो. आणि तुम्ही कणीक घेऊन येताय?"

"कणीक नाही, खमीर. कुठं ठेवू?"

"दमट होईल सगळं. आंबट वास सुटेल."

"सुटेलच. कुठं ठेवू?"

पडद्यासमोरून बायराम म्हणाला, "आजोबा, उजवीकडच्या दिव्यामागे फळीवर जागा आहे."

"तू तुझे ठिपके बघ!"

तिनं गाडगं फळीवर ठेवलं, फडकं सारखं केलं आणि मला सांगितलं, "संध्याकाळी मूठभर पीठ घाला, लाकडी चमच्यानं ढवळा. आणि त्याच्यासमोर ओरडू नका." बूट चढवून ती गेली. बायराम माझ्याकडे बघून दात काढत होता. मला वाटलं, थंडीनं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग रोज सकाळी ती वर यायची, लागेल तेवढं खमीर भांड्यात काढायची आणि उरल्यात पीठ कालवायची. मी चहा करायचो. ती साखरेचा खडा दाताखाली धरून चहा प्यायची आणि दिव्यांकडे बघायची. एकदा म्हणाली, "तुम्ही यांना पुसता छान." मी त्या दिवशी सगळे दिवे पुन्हा पुसले. खूष होतो आणि आतून झुरतही होतो, कारण हेलिकॉप्टरचा दिवस जवळ येत होता आणि ती बोलायची ती फक्त पिठाबद्दल.

त्यातच समुद्राकडून ओलं वादळ आलं. अँटेनेवर बर्फाचे थर चढले, मोटार कण्हायला लागली. कॅप्टननं रेजिमेंटकडून यंत्र थोडा वेळ बंद ठेवायची परवानगी काढली. बायरामसकट सगळी पोरं लाकडी हातोडे घेऊन बर्फ फोडायला वर चढली. मी दिवे विझवले आणि फोनजवळ बसलो. आत-बाहेर करणाऱ्यांमुळे दार सारखं उघडत होतं. बघता बघता माझ्या तोंडातून वाफ निघायला लागली.

गाडग्याला हात लावला तर गार. तिच्या आजीनं जपलेलं, आईनं जपलेलं, आणि ते माझ्या हातात मरणार! मी मेंढीच्या कातड्याचा कोट काढला, गाडगं सदऱ्याला लावून धरलं, वरून कोट घातला आणि पट्टा आवळला.

कॅप्टन आत आला, नखशिखांत पांढरा. माझ्याकडे बघून थबकला.

"नझार येफिमिच, पोट कधी सुटलं?"

"खमीर आहे, कॉम्रेड कॅप्टन."

"स्तेपानीदाचं? ते तिनं तुमच्याकडे दिलंय?"

"भट्टी पडली ना."

"भट्टी," तो म्हणाला. मिशीवरचा बर्फ पुसता पुसता हसायला लागला. "बसा, बसा. उठू नका, सांडेल."

इतक्यात वरून बायरामची आरोळी आली, अँटेना मोकळी! मी दिव्यांना ऊब द्यायला सुरुवात केली. एक हात खटक्यांवर, एक पोटाखाली. आणि माझ्या अंगाच्या उबेनं खमिराला जाग आली. फडकं वर उचललं गेलं आणि काहीतरी ओलसर, चिकट माझ्या छातीवरून गळ्याकडे निघालं.

"तुमचा आवाज का असा येतोय? काही अडचण?" खांद्याशी दाबून धरलेल्या फोनवर रेजिमेंटनं विचारलं.

"काही नाही!" मी म्हटलं. ते कॉलरपर्यंत आलं होतं.

दिवे पुरते तापेपर्यंत मी जागचा हललो नाही. मग मोठा खटका ओढला, अँटेना घरघरली, पडदा उजळला. कोट उघडून पाहिलं तर अर्धं गाडगं शाबूत होतं, बुडबुडे सोडत होतं. सदऱ्यावरचं खमीर मी परत गाडग्यात घातलं नाही, हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण बायराम वेगळं सांगत फिरतो.

पुढं आभाळ उघडलं. दुपारी क्षितिजावर लालसर उजेड आला आणि त्याबरोबर निरोप, हेलिकॉप्टर निघालंय. भट्टीची कमानही उभी राहिली होती. मी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात गाडगं घेऊन खाली उतरलो. भटारखान्यात नवी भट्टी बघायला सगळे जमले होते, कॅप्टन, तमारा, बायराम, झाडून सगळे. स्तेपानीदा पीठ मळत होती.

"भट्टी झाली," मी गाडगं तिच्यापुढं ठेवत म्हटलं. "हे तुमचं. थोडं सांडलं, पण जिवंत आहे. येतो मी."

तिनं बॅग पाहिली. "कुठं?"

"कुर्स्कला. तुम्ही काही उत्तरच दिलं नाहीत."

तिनं पिठाचे हात सावकाश पुसले. ती एवढी संतापलेली मी कधी पाहिली नव्हती.

"तमाराची चूल रात्रभर पेटती असते. असते ना?"

"असते."

"मग मी हे तिच्याकडे का नाही ठेवलं?"

"घराबाहेर जात नाही म्हणालात."

"आणि इतके दिवस ते कुठं होतं?"

"माझ्या…" मी म्हटलं आणि गाडग्याकडे बघितलं.

माझे दिवे पेटायला वेळ लागतो, हे मी आधीच सांगितलं आहे. तमारानं तोंडावर हात दाबून धरला होता. कॅप्टन छताकडे बघत होता. अख्ख्या ठाण्याला कळलेलं होतं, एक मी सोडून.

"आजोबा," बायराम हळूच म्हणाला, "ओढा आता खटका."

माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत. "पण मग तोंडानं सांगायचं ना, स्तेपानीदा लुकिनिच्ना!"

"सांगितलं की," ती म्हणाली. "भर वाऱ्यात टेकडी चढून येऊन सांगितलं. बूट काढून सांगितलं."

बाहेर हेलिकॉप्टरचा आवाज घुमायला लागला. कॅप्टन टपाल घ्यायला निघाला आणि पोरांना हाकत बाहेर घेऊन गेला. स्तेपानीदानं गाडगं उचलून परत माझ्या हातात दिलं.

"वर घेऊन जा. भट्टी अजून ओली आहे, गारठेल ते," ती म्हणाली. "आणि बॅग इथंच ठेव, नझार."

मी बॅग तिच्या दाराआड ठेवली, गाडगं कोटात घेतलं आणि दोर धरून टेकडी चढायला लागलो.