बोलक्या हंड्याचं बटण

मखमलाबादच्या पुढे एका मोडलेल्या द्राक्षबागेत मांडव पडला होता आणि पितृपक्षातले कावळेसुद्धा लाजतील इतकी माणसं तिथे जमली होती. कारण तिथे मेलेली माणसं बोलत होती. कलशबाबा नावाचा कोणी आला होता. त्याच्या पुढ्यात तांब्याचा हंडा, हंड्याच्या तोंडावर आंब्याची पानं, वर नारळ. आदल्या दिवशी त्याच्या झिपरू नावाच्या चेल्याला घरची हकिकत सांगायची, दुसऱ्या दिवशी हंड्यातून आपला पितर बोलायचा. बाया पदराने डोळे पुसत होत्या. शिकलेले पुरुष चपला काढून उन्हात उभे होते.

"ओम् फट्, कलश फट्, सातवा दरवाजा खुल जाए!" बाबा गरजला. मराठी पितराला हिंदीतून कशाला बोलवायचं, ते त्यालाच ठाऊक. त्याने हंड्यात हात घालून झेंडूचं फूल सोडलं, दुसऱ्या हाताने लोखंडी चिमटा खणकन आपटला आणि हंडा बोलू लागला.

"नवसाबाई... मी चिमाजी... पोरीच्या गोळ्या बंद करा... गोळ्यांनी माझा मार्ग अडवलाय..."

चिमाजी म्हणजे माझे वारलेले मालक. पोरगी म्हणजे माझी नात चैताली. तिला फिट येते. ज्या माणसाने जन्मभर मला "अगं ए"शिवाय हाक मारली नाही, त्याच्या तोंडात मेल्यावर माझं नाव आलं! मी तिथेच उठले.

"अहो, शेवटी तुमचं काय दुखत होतं, ते सांगा बरं."

"पितर सांगतात. उत्तर देत नाहीत!" बाबा खेकसला. पुन्हा हंड्यात हात, पुन्हा चिमटा. पितर गप्प.

माझा मुलगा भारत हुंदके देत होता. अंबडला कंपनीत दिवसभर मशीन चालवतो, पण बाबापुढे त्याचा नट ढिला.

"आई, दादांचा आवाज ओळखला नाहीस?"

"तुझ्या बापाला घसा होता. ह्याला नुसती घरघर आहे."

ऐकलं नाही. मी घरी पोचायच्या आत गोळ्यांची बाटली नदीत, आमच्या गंगेत, सोडून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सून छाया पाणी भरायला गेली आणि चैताली चुलीपाशी बसली होती. फिट आली. पोर तापल्या तव्यावर पडली. तळहाताची कातडी तव्याला राहिली. ती किंकाळी मी सांगणार नाही. ज्याला ऐकायची असेल त्याने भारतला विचारावं.

दवाखान्यातून आलो. मी टेपरेकॉर्डर काढला. दुसरीतून शाळा सुटली, मला चिठ्ठी वाचता येत नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंचं सांगणं भरून आणायला मी मेन रोडवरून तो घेतला होता. दुकानदाराने आधी दोन भोंग्यांचं धूड दाखवलं.

"हे डोक्यावर घेऊन दवाखान्यात जाऊ का रे?"

मग त्याने मऊ बटणांचा एक चपटा काढला. "आजी, साहेब लोक हाच नेतात."

"साहेबाची बोटं खुरपं धरत नाहीत. दाबलं की नाही, हे मला कसं कळायचं?"

"मग हा घ्या. पिशवीत मावतो, माईक आतच आहे. लाल बटण आणि शेजारचं एकदम दाबलं की आवाज भरतो. पण आवाज भरताना ह्याची घरघर पण भरते, आणि बटण फार वाजतं."

"ज्याचं बटण बोलतं तोच दे."

तर मी भारतपुढे तो ठेवला आणि बटण दाबलं. खट्ट. घरघर. मग डॉक्टरीणबाई: "गोळी एक दिवसही चुकवू नका. मनाने बंद केली तर फिट वाढेल."

भारतने मान खाली घातली. माझं बोट मात्र बटणावरच राहिलं. हे खट्ट मी हंड्यातून ऐकलं होतं. चिमट्याच्या आवाजाखाली दबलेलं. आणि ही घरघरसुद्धा!

दुसऱ्या दिवशी मी भारतला कानाला धरून मांडवात नेलं आणि बाबाच्या शेजारी जाऊन बसले. त्याने हंड्यात हात घातला, चिमटा उचलला, आणि मी त्याच्या चिमट्याच्या हाताचं मनगट धरलं. शेतातला हात आहे माझा.

खट्ट!

सगळ्या मांडवाने ऐकलं. मग घरघर, आणि मग झिपरूचा चिरका आवाज: "मी साळूबाई..."

मी नारळ उडवला आणि आत हात घातला. माझ्याच टेपरेकॉर्डरचा सख्खा भाऊ बसला होता फुलांत. बघायची गरजच नव्हती. तो बंद केला, मग लाल बटण आणि शेजारचं एकदम दाबून वर धरला.

"म्हातारे, भस्म होशील! तुझा वंश बुडेल!" बाबा थयथयला.

थोडी फीत मागे फिरवली आणि यंत्र पुन्हा हंड्यात ठेवून चालू केलं. हंडा बोलला: "म्हातारे, भस्म होशील..."

"अरेरे!" मी कपाळाला हात लावला. "हंड्यातून बोलले म्हणजे बाबा वारले की हो! तिरडी बांधा. अमरधामला न्या."

आधी एक बाई हसली, मग मांडव हसला. आणि काल पाया पडलेल्यांनीच मांडवाचे बांबू उपसले. बाबाला तिरडीवर त्याच्याच भगव्या कफनीने करकचून बांधलं. झिपरूच्या हातात मडकं देऊन त्याला पुढे चालवलं.

"मी जिवंत आहे! मावशी, सांगा ना ह्यांना!"

"पितर उत्तर देत नाहीत," मी म्हटलं.

नाक्यावर पोलीस आडवे आले म्हणून, नाहीतर वरात गंगेपर्यंत गेली असती.

बायांनो, बाप्यांनो, मी शिकलेली नाही, म्हणून सरळ सांगते. मेलेलं माणूस बोलत नाही. बोललं, तर आधी त्याला प्रश्न विचारा आणि मग हंड्यात हात घाला. आजारी माणसाची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, मग सांगणारा स्वर्गातला का असेना. मी पहिल्या दिवशी नुसता प्रश्न विचारला, हात घातला नाही. त्याची किंमत पोरीने दिली.

चैतालीची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. रोज सकाळी गोळीच्या वेळेला डॉक्टरीणबाईंचं सांगणं ऐकवणारं ते बटण भारतनेच दाबायचं, असा माझ्या घरचा नेम आहे. खट्ट वाजलं की तो दचकतो.

दचकू दे.