पोटभाडेकरू

लाँड्रीवाल्याला डाग सहन होत नसे. हा त्याचा धंदाही होता आणि स्वभावही, आणि ही दोन्ही एकाच माणसात एकत्र आली की घरच्यांची धडगत नसते. त्याची बायको कंबरेचं हाड मोडून वरच्या खोलीत खिळून होती, पण तिच्या अंगाखालची चादर चुरगळलेली कुणी कधी पाहिली नाही. "आजारपण कसलं, शोकेसमध्ये पडलेय मी," असं ती आपल्या धाकट्या भावाला सांगे.

खोलीवर लाकडी पोटमाळा होता आणि त्यात वटवाघळं. दिवेलागणीला ती वळचणीच्या फटीतून एकेक करून बाहेर पडत आणि बायको खिडकीतून बघत राही. "निघाली रात्रपाळी," म्हणे. पडून राहिलेल्या माणसाला कुणाचं तरी जाणंयेणं लागतं. लाँड्रीवाल्याला मात्र फक्त छतावरचा तपकिरी डाग दिसे.

"अहो, राहू द्या की. तुमच्या ताटातलं खातात का?"

"आज छतावर, उद्या चादरीवर."

"मग मलाच धुवा चादरीसकट."

एका संध्याकाळी रात्रपाळी बाहेर पडल्यावर त्याने मेहुण्याला शिडीवर चढवलं आणि साऱ्या फटी लिंपून घेतल्या. छताला पांढऱ्या रंगाचा हात मारला. एकही वटवाघूळ मारलं नाही, याचा त्याला कोण अभिमान! बिऱ्हाड हललं, विषय संपला. बायको पुढे काही संध्याकाळी सवयीने खिडकीकडे बघत राहिली, मग तिने तोंड भिंतीकडे केलं.

थोड्याच दिवसांत तिच्या दंडावर लाल ठिपके उठले. लाँड्रीवाल्याने साबण बदलला. मग सोडा कमी केला. मग चादरी दोनदा खळबळल्या. ठिपके काही हटेनात. त्यापाठोपाठ ताप आला, आणि असा आला की दात वाजायला लागले, गादी पिळून पाणी निघावं इतका घाम.

"दाजी, गाडी आणतो. दवाखान्यात नेऊ ताईला," मेहुणा म्हणाला.

"अशी न्यायची? केसांचं घरटं झालंय, गाऊन अंगाला चिकटलाय. काय म्हणतील लोक? जरा उतरू दे."

ताप उतरला. त्याने तिचं अंग पुसलं, वेणी घातली, कडक इस्त्रीचा गाऊन चढवला आणि मगच तिला नेलं. डॉक्टरांनी रक्त घेतलं. रक्तात काही निघालं नाही. एवढी नीटनेटकी पेशंट बघून त्यांनाही प्रसन्न वाटलं असावं.

ताप पुन्हा आला. पुन्हा उतरला. पुन्हा वेणी, पुन्हा गाऊन, पुन्हा रक्त, पुन्हा काही नाही.

"कधीकधी हे मनाचं असतं," डॉक्टर म्हणाले.

"माझं मन तापलं की गादी भिजते होय?" बायको म्हणाली. आवाज मात्र आत गेला होता. डोळेही.

तिसऱ्या तापाला लाँड्रीवाला दुकानात होता. मेहुण्याने कुणाला न विचारता बहिणीला गोधडीत गुंडाळलं, मोठ्या इस्पितळात नेलं आणि तिथून फोन केला.

"ताईला आणलंय, दाजी."

"कशी?"

"आहे तशी."

लाँड्रीवाला धावत सुटला तो हँगरला लावलेला गाऊन हातात धरूनच. वॉर्डाच्या दारात त्याला एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या.

"सापडलं, काका. रक्तात जंतू आहेत, स्प्रिंगसारखे वेटोळे. यांचा एक खोडसाळपणा आहे. ताप चढला की रक्तात दिसतात, उतरला की गडप. आधी कधी रक्त तपासलं नाहीत?"

"तपासलं की. दोनदा. ताप उतरल्यावर."

"तापात का नाही आणलंत?"

"तेव्हा ती दाखवण्यासारखी नसायची."

डॉक्टरीणबाईंनी हँगरकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. "घरात वटवाघळं आहेत?"

"छे! कधीच घालवली." त्याही अवस्थेत त्याची मान जरा ताठ झाली. "सगळ्या फटी बुजवल्या."

"आणि गोचिडी?"

"कसल्या गोचिडी?"

"वटवाघळांवर जगतात त्या. त्या थोड्याच उडून जातात? फळ्यांच्या सांध्यात बसून राहतात. वरचं जेवण बंद झालं की ऊब शोधत खाली उतरतात. झोपेत चावतात, दुखतही नाही, आणि पोट भरलं की परत फळीत. हे जंतू त्यांच्यातूनच आले."

लाँड्रीवाल्याने हँगर या हातातून त्या हातात घेतला. वर राहणाऱ्यांना त्याने घालवलं होतं. त्यांच्या पोटभाडेकरूंना जेवायला बायको वाढून ठेवली होती.

आत बायको गोधडीतच होती. तिने गाऊन पाहिला.

"आणलात का? राहू द्या आता. चुरगळलेलंच बरं वाटतंय."

"गोळ्या चालू केल्यात म्हणे. साध्या गोळ्या आहेत."

"साध्या होत्या तर आधी का नाही दिल्या हो?"

त्याला उत्तर येत होतं. त्याने गोधडीखाली तिचा हात शोधून धरून ठेवला, एवढंच.

औषध लागू पडलं, अगदी अक्सीर. जंतू सगळे एकदम मेले. मेलेल्या जंतूंनी जाता जाता अंगात जो धुमाकूळ घातला, तो तीन तापांनी पिळून काढलेल्या काळजाला पेलवला नाही. त्याच दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन ती गेल्याचं सांगितलं, तेव्हा मेहुणा आत बहिणीकडे धावला. लाँड्रीवाला उभाच होता.

सगळं आटोपल्यावर फवारणीवाला आला. पाठीवर टाकी, तोंडावर फडकं. त्याने छताच्या फळीत पटाशी घालून सांधा उचकटला आणि बॅटरी मारली. आत मसुराएवढ्या, चपट्या, करड्या गोचिडी ओळीने चिकटल्या होत्या.

"या उपाशी," फवारणीवाला म्हणाला. "भरलेली टम्म असते."

"उपाशी किती टिकतात?"

"यांचं काय सांगावं! वर्षानुवर्षं. न खाता बसून राहतात."

लाँड्रीवाला मान वर करून फळीतल्या त्या ओळीकडे वळला. तिलाच विचारावं तसं हलकेच म्हणाला, "मग एवढी घाई काय होती?"

प्रश्न आपल्यालाच आहे असं फवारणीवाल्याला वाटलं. "तुम्हीच म्हणालात ना, सकाळीच या म्हणून?" तो म्हणाला आणि पंप मारू लागला.