अकरा-बाराची जोडखुर्ची

मी एक जुनी जोडखुर्ची आहे, मित्रांनो. बसायच्या जागा दोन आणि पाय तीन. कडेचा एकेक पाय ज्या त्या जागेचा, पण मधला लोखंडी पाय दोघींचा मिळून आहे. तो काढला तर एक जागा तरी जमिनीवर येणारच. हा पाय लक्षात ठेवा, कारण यंदाच्या उन्हाळ्यात त्याच्याच शेजारी करवत लागणार होती. ती लागली नाही, म्हणून आज मी तुम्हाला माझी हकीकत सांगते आहे.

माझा जन्म अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या काठी, आयोवातल्या एका बटणांच्या गावात झाला. नदीतले शिंपले काढायचे, त्यांतून गोल चकत्या कापायच्या आणि त्यांची शर्टाची बटणं करायची, हा सगळ्या गावाचा धंदा. माझे पाय नदीकाठच्या ओतशाळेत ओतले गेले आणि माझ्या पट्ट्या मेपलच्या लाकडाच्या. गावाचा बेसबॉलचा संघ होता, त्याला सगळे बटणवाले म्हणत. त्यांच्या मैदानावर आम्हा खुर्च्यांच्या लांबच लांब रांगा होत्या. दर वसंतात आम्हाला हिरवा रंग मिळायचा. मग सबंध उन्हाळा ऊन, पाऊस, शेंगांची टरफलं आणि सांडलेली बिअर. मला ते आवडायचं. खुर्चीला बसणारा मिळाला की तिला आणखी काय हवं?

माझ्या दोन जागांचे नंबर अकरा आणि बारा. बारा नंबरवर वेंडेल बसायचा. तो कारखान्यात शिंपले कापायचा. अकरावर व्हर्ला, ती बटणं निवडायच्या टेबलावर कामाला होती. आधी ती दोघं नुसतीच शेजारी बसायची, मग एका पुड्यातल्या शेंगा खायला लागली, मग त्यांचं लग्न झालं. वेंडेलला तेव्हा च्युइंगम चघळायची सवय होती. चव गेली की तो गोळा माझ्या बाराच्या खाली चिकटवून द्यायचा.

"वेंडेल! खुर्ची आहे ती, कचऱ्याचा डबा नाही!" व्हर्ला म्हणायची.

"अगं, पट्टी जरा ढिली वाटली. तेवढीच घट्ट होईल."

त्यांच्या मागच्या रांगेत बर्निस बसायची. ती नदीपलीकडच्या इलिनॉय राज्यातली, दर खेळाला पूल ओलांडून यायची. तिच्या हातात खेळाच्या कार्यक्रमपत्रिकेची सुरळी असायची आणि ती सुरळी वेंडेलच्या टोपीवर पडायची. टोपी आड आली म्हणून, उगीच ओरडला म्हणून, कधी कधी काहीच कारण नसताना.

आता १९५६ सालचा तो खेळ सांगते. गावातली म्हातारी माणसं अजून त्याच्यावरून भांडतात. ऑगस्टची दुपार कलली होती. नववा म्हणजे शेवटचा डाव चालू होता. बटणवाले पाच धावांनी मागे होते आणि त्यांचे दोन गडी बाद झाले होते. तिसरा बाद झाला की खेळ संपला. अर्धं मैदान उठून घरी चाललं होतं. व्हर्लाला सातवा महिना होता आणि ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं. बारा नंबरवर मात्र छपराच्या खांबाची सावली पडली होती.

वेंडेल उठला. "इकडे ये, माझ्या जागेवर बस. हरायचंच आहे तर निदान सावलीत हरू."

ती बारावर सरकली आणि तो अकरावर बसला. तो बसतोय तोच पहिला फटका बसला. मग दुसरा. मग प्रतिस्पर्ध्यांचा चेंडूफेक्या गोंधळला आणि गडी पुढे सरकू लागले. घरी निघालेली माणसं जिन्यातच थांबली. वेंडेलला काय वाटलं कोण जाणे, तो परत आपल्या जागेवर जायला उठला. सुरळी टोपीवर पडली.

"बस खाली!" बर्निस ओरडली. "नशीब फिरलंय आणि हा उठतोय! जागा बदलायची नाही!"

"अगं पण ती जागा माझी..."

"होती!"

सगळी रांगच त्याच्यावर ओरडली. बेसबॉलच्या माणसांचा हा नियमच आहे. संघ मारायला लागला की जो जिथं असेल त्यानं तिथंच राहायचं, मग लघवी लागलेली असो की पायाला मुंग्या आलेल्या असोत. वेंडेल बसला. पीट फेन्स्के नावाचा जाडजूड गडी आला, त्यानं शेवटचा चेंडू डावीकडे उंच मारला आणि बटणवाले जिंकले. माझ्या पट्ट्यांवर लोक उभे राहून नाचले. एक पट्टी तडकली, पण मला त्याचं दुःख नाही.

पुढच्या खेळाला दोघं तशीच बसली, कारण संघ जिंकत होता. संघ हरायला लागला तोवर सवय झाली होती. मग मुलगी झाली, त्याच हिवाळ्यात वेंडेलची दाढ गेली आणि तिच्याबरोबर च्युइंगमही गेलं. त्यानंतर व्हर्ला कायम बारावर आणि वेंडेल कायम अकरावर.

पुढं प्लॅस्टिकची बटणं आली आणि शिंपल्यांचे कारखाने बंद पडले. मग संघ गेला आणि शेवटी मैदानही पाडायला काढलं. तेव्हा वेंडेल आपल्या डॉयल नावाच्या मित्राला घेऊन आला. डॉयल लोखंडाचं काम करायचा. दोघांनी माझे गंजलेले बोल्ट काढले आणि मला वेंडेलच्या घरापुढच्या व्हरांड्यात आणून बसवलं.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. संध्याकाळी रेडिओवर कुठल्या तरी मोठ्या शहरातला खेळ लागायचा, पण ऐकत कुणीच नसायचं. डॉयल पायरीवर बसायचा आणि १९५६ सालचं भांडण सुरू व्हायचं.

"फेन्स्केचा चेंडू भिंतीपार गेला. मी डोळ्यांनी पाहिला," डॉयल म्हणायचा.

"तू तेव्हा सॉसेज आणायला गेला होतास! चेंडू भिंतीला लागून परत आला. आणि जिंकलो का, ते सांगू? मी पहिल्या डावापासून या अकरा नंबरवरून हललो नाही म्हणून."

मग दोघं व्हर्लाकडे बघायचे. कुठला खेळ कधी झाला हे तिलाच नीट आठवायचं. ती कपड्यांवरून सांगायची. "मी तो पिवळा झगा घातला होता, म्हणजे शनिवार." पण वेंडेलच्या या बढाईवर ती कधी काही बोलली नाही. "हो हो, तूच जिंकवलंस," एवढंच म्हणायची आणि शेंगा सोलायला लागायची. मला खरं माहीत होतं. पण खुर्चीला कोण विचारतो?

गेल्या हिवाळ्यात व्हर्ला गेली.

वसंत आला, पण मला रंग मिळाला नाही. पट्ट्यांत पाणी मुरलं. बारावर तिची निळी उशी होती तशीच पडून होती. डॉयल दोनदा येऊन पायरीवर बसला, पण वेंडेल स्वयंपाकघरातून बाहेर आलाच नाही. एका संध्याकाळी आला. अकरावर बसला. बोलता बोलता व्हर्लाच्या हातावर हात ठेवायची त्याची सवय होती, तसा त्याचा हात आपोआप बाजूला गेला आणि माझ्या पट्टीवर पडला. तो चटका बसल्यासारखा उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं डॉयलला करवत घेऊन बोलावलं.

"बारा नंबर कापून टाक."

"कापून?" डॉयल म्हणाला. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ती माझी नाही, तिची आहे. रिकामी बघवत नाही मला. माझी तेवढी राहू दे."

डॉयलनं खाली वाकून माझे पाय पाहिले. "आणि हा मधला पाय कुणाच्या वाट्याला देऊ?"

"माझ्या."

"मग तिची जागा उभी कशी राहणार?"

"तिला आता उभं राहायचं नाहीये, डॉयल."

डॉयलनं करवत उचलली. मग त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. "पातं बोथट झालंय. शनिवारी येतो."

पातं नवं कोरं होतं. मला दिसत होतं.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मला कापलं जाण्याची भीती होती, ती तर होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. हा माणूस चुकीची जागा कापायला निघाला होता आणि मला सांगता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी डॉयलचा ट्रक आला. करवत होती, पण शेजारच्या सीटवर बर्निसही होती. काठी टेकत, एका हातात झाकलेली पाई, म्हणजे आत सारण भरून भट्टीत भाजलेली गोड पोळी, घेऊन ती पायऱ्या चढली.

"वेंडेल, अरे केस कुठं गेले तुझे? टोपीसुद्धा नाही. आता मी मारू कशावर?"

"ये, बर्निस."

"मातीला आले नाही मी. मांडीचं हाड मोडून पडले होते. माफ कर." तिनं पाई कठड्यावर ठेवली. "रुबार्बची आहे, त्या आंबट देठांची. व्हर्लाच्या हाताची चव नाही तिला, आधीच सांगते. हा डॉयल म्हणतो, तू खुर्ची कापतोयस. कुठली कापतोयस?"

"बारा. तिची."

"तिची अकरा."

"बर्निस, वय झालंय तुझं."

"वय झालंय म्हणूनच आठवतंय. काल रात्री काय जेवले ते विचार, नाही सांगता यायचं. पण मी तुझ्या मानेमागं बसून आयुष्य काढलंय. बारा तुझी. त्या दिवशी ऊन तिच्या तोंडावर येत होतं आणि तू तिला आपल्या सावलीत बसवलंस. सबंध उन्हाळ्यात तू केलेलं तेवढं एकच शहाणपणाचं काम, आणि नेमकं तेच विसरलास!"

"मी त्या दिवशी हललोच नव्हतो."

"परत जायला निघालास तेव्हा हललास की! मीच तर हाणून बसवलं तुला."

वेंडेल डॉयलकडे बघायला लागला. "माझ्याकडे बघू नकोस," डॉयल म्हणाला. "मी सॉसेज आणायला गेलो होतो."

"व्हर्ला मला कधी काही बोलली नाही."

"ती कशाला बोलेल? मी एकदा म्हटलं होतं तिला, हा खोटी बढाई मारतो, सांग की त्याला. तर म्हणाली, 'बोलू दे गं. सावलीत मी बसलेय, माझं काय जातंय?'"

बर्निसनं काठीनं माझ्या बाराच्या बुडाला टोचलं. "खात्री करायची असेल तर हात घाल खाली. च्युइंगम कोण चिकटवायचं? ती?"

कठड्याला धरून वेंडेल गुडघ्यांवर बसला. त्यानं आधी अकराच्या खालून हात फिरवला. गुळगुळीत. मग बाराच्या खाली हात घातला आणि त्याची बोटं थांबली. रंगाच्या कितीतरी थरांखाली ते टणक गोळे रांगेनं तसेच होते. एकेका गोळ्यावरून त्यानं बोट फिरवलं. मग तो तिथंच जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं, रडतोय. तो हसत होता. मग दोन्ही करत होता.

"सगळा जन्म माझ्या च्युइंगमवर बसून काढला तिनं," तो म्हणाला.

"आणि एकदाही तक्रार नाही," बर्निस म्हणाली. "मी असते तर टोपीत घालून तुला परत दिलं असतं."

डॉयलनं त्याला हात देऊन उठवलं. वेंडेल अकरा नंबरवर बसला. रोजचीच जागा, पण बसताना तो मऊ गादीवर बसावं तसा जपून बसला. दोन्ही हात त्यानं माझ्या पट्ट्यांवर ठेवले.

"मग?" डॉयलनं विचारलं. "कुठली कापू?"

"ती करवत ट्रकमध्ये ठेवून ये." वेंडेलनं डोळे पुसले. "ही तिची जागा. हिच्यावर मी बसतोय, रिकामी कुठं आहे? ती बारा माझी. आणि माझ्या जागेवर कुणी बसलं तर माझी काही हरकत नाही. बस, बर्निस. पाय दुखत असतील तुझे."

"उशी काढू?"

"असू दे. उशी तिची आहे. खालचं च्युइंगम माझं."

बर्निस बसली. मित्रांनो, हिवाळ्यापासून माझ्या दोन्ही जागा एकदम कधी भरल्या नव्हत्या. त्या क्षणी दोन्ही बाजू भरल्या आणि माझा मधला पाय जमिनीवर नीट टेकला. खुर्चीला सुटकेचा श्वास सोडता येत नाही. पण माझी एक पट्टी करकरली, ती सगळ्यांनी ऐकली.

"फेन्स्केचा चेंडू भिंतीपार गेला," पायरीवरून डॉयल म्हणाला.

"भिंतीला लागून आला," वेंडेल म्हणाला.

"दोघंही आंधळे आहात," बर्निस म्हणाली, आणि तिनं पाई कापायला घेतली.

पुढच्या आठवड्यात मला रंग मिळाला. वरून सगळीकडे, खालून मात्र बाराला नाही. ते तसंच ठेवायचं, असं वेंडेलनं डॉयलला बजावलं. आता दर शनिवारी डॉयल पूल ओलांडून बर्निसला घेऊन येतो. कधी ती बसते, कधी डॉयल, कधी मुलगी आली तर मुलगी.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल, जिच्याकडे बघवत नाही म्हणून ती मोडून टाकावीशी वाटत असेल. तिला पावसात ठेवू नका, वर्षातून एकदा रंग द्या, बोल्ट घट्ट करा. आणि मोडायला उठाल, तर आधी एक करा. तुमच्या मागच्या रांगेत कोण बसलं होतं, त्याला बोलावून विचारा. आपल्याला पुढचा खेळ दिसतो. आपण कुठं बसलो होतो, ते मागच्यालाच दिसलेलं असतं.