भावजयीची खुर्ची

गवंडीण बांधावर दगड बसवत होती, तेव्हा गावच्या कारभाऱ्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, की संस्थेची अध्यक्षीण त्याची धाकटी भावजय होणार. आम्ही बायका हातातली घमेली टाकून उभ्याच राहिलो. माळावर पाणी अडवायची ही संस्था गवंडिणीनं दारोदार फिरून उभी केली होती. अध्यक्षपदी बाईच हवी असं ठरलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी तिचंच नाव होतं.

"तुझी जीभ फार चालते," कारभारी म्हणाला. "खुर्चीवर गप्प बसणारं माणूस लागतं."

गवंडिणीनं दगडावर घाव असा घातला, की ठिणगी उडाली.

भावजय म्हणजे गरीब गाय. सभेत मान खाली, कारभारी म्हणेल ती पूर्व. गवंडीण तिला रोज विहिरीवर गाठू लागली. आम्हाला वाटलं, हिनं शेपूट घातलं. पण ती तिला बोलायला शिकवत होती. आधी विहिरीत तोंड घालून हाका मारायला लावल्या, मग आम्हा दोघी-तिघींसमोर, मग भर बाजारात. कुणी मधेच तोडलं तर पुन्हा पहिल्यापासून बोलायचं, हेही शिकवलं. भावजयीला चटकच लागली.

वैऱ्याच्या घरात दिवा कशाला लावतेस, मी विचारलं.

"निखारा ठेवतेय गं," ती म्हणाली.

उन्हाळ्यात माळ भेगाळला. भर सभेत कारभाऱ्यानं यंदाचा बंधारा स्वतःच्या मळ्याशेजारी जाहीर केला. भावजय उठली. खालच्या आळीतल्या बायका पाण्यासाठी लांब तंगडतोड करतात, बंधारा तिथं होईल, म्हणाली. त्यानं दटावलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानं परत दटावलं, तशी शांतपणे म्हणाली, "भावजी, सभा मी चालवतेय. ऐकायचं तर बसा, नाहीतर दार उघडं आहे."

तिच्या बाजूनं हात वर झाले. त्यात कारभाऱ्याच्या आईचाही होता.

पुढं खालच्या आळीचा बंधारा भरला, पण कारभाऱ्याचा मळा वाळायला लागला, तसा तो बांधावर गवंडिणीकडं आला. एखादा पाट तरी माझ्याकडं वळव, भावजयीला तू सांग, म्हणून गयावया करू लागला. गवंडिणीनं त्याचं सगळं बोलणं संपू दिलं.

"अध्यक्षीणबाईंना विचारा," ती म्हणाली. "मी मधे बोललेलं त्यांना खपत नाही."

ते खोटं नव्हतं. आदल्याच सभेत भावजयीनं तिलाही खाली बसवलं होतं. त्या दिवशी घर येईस्तोवर गवंडीण एकटीच हसत होती.