नाळेवर उभा गड

इरुपगडावर लग्न लागलं तेव्हाच अन्नपूर्णेला खटकलं होतं. नवरीचं वऱ्हाड चांद्याहून आलं, पण नवरदेव सामोरा यायला नदीसुद्धा ओलांडून आला नाही. "राजघराणं आहे, त्यांचे रिवाज," बापानं समजूत घातली. नागपूरच्या कॉलेजात इतिहास घेऊन शिकलेल्या पोरीला रिवाजामागचं कारण कळलं ते दिवस गेल्यावर.

सासूबाईंनी, सुगंधाबाईंनी, तिच्या केसांना तेल लावता लावता ते सांगितलं. मूळ राजा दिवसा भिंत बांधायचा, रात्री जंगल ती गिळायचं. सकाळी नुसता ढिगारा. शेवटी राणीनं पहिल्या लेकराची नाळ भिंतीच्या पायथ्याशी पुरली आणि त्या पावसाळ्यात बुरूज आपोआप उगवून आला, मोहाचं झाड यावं तसा. तेव्हापासून दर पिढीला नाळ, दर पिढीला बुरूज.

"आणि त्याचं मोल?"

"मोल काहाचं? ज्याची नाळ इथी, तो इथला. नदीपल्याड त्याले श्वास पुरत नाई." सासूबाईंची बोटं केसांत फिरतच राहिली. "गुणवंताचा काका निंगाला होता चांद्याले शिकाले. मधातच डोंग्यात निळा पडला. इंग्रज गेले, सरकारनं जमीनदारी घेतली. गडाले कोण घेते?"

नवऱ्याच्या, गुणवंतरावांच्या, खोलीत भिंतभर नकाशे होते. मुंबईवर बोट ठेवून ते बायकोला विचारायचे, "समुद्र खरंच खारट असतो का गं?" आपलं लेकरू असं नकाशांवर जगणार नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं.

मुलगी झाली. नाळ गळून पडली तेव्हा ती एकटीच होती. तिनं ती कनवटीला खोचली आणि पुरायला दिली ती चिंधीत गुंडाळलेली सुंठ. वाजतगाजत सुंठ पुरली गेली. मग रोज ती खिडकीतून बघायची. भिंतीपाशी माती फुगत चालली होती. घुशींनी उकरलं असेल, ती स्वतःला सांगायची.

"आईला बाळ दाखवून येते," एके सकाळी तिनं भीत भीत विषय काढला. वादाला ती कंबर कसून बसली होती.

"जा ना. ऊन चढाच्या आधी निंगा. दाईले संगं ने."

या सहज होकारानं तिनं कनवटीची नाळ पुन्हा चाचपून पाहिली.

गुणवंतराव काठापर्यंत आले. पाण्याला न शिवता उभे राहिले. "समुद्र दाखव तिला," ते हळूच म्हणाले. म्हणजे त्यांना सारं ठाऊक होतं.

नावाडी झिंगूनं डोंगा लोटला. पलीकडे एटापल्लीची बैलगाडी दिसत होती. "राजकन्या तं झोपली! बापापेक्षा धीट हाये," दाई कमळाबाई हसली. अन्नपूर्णेचं बोट मात्र लेकराच्या नाकाशीच होतं. श्वास लागत होता. लागत होता. मग लागेना. ओठ जांभळे पडले.

"असं कसं? नाळ माझ्याजवळ आहे!" तिनं कनवटीतून ती ओढून काढली. "मी पुरलीच नाही, कमळाबाई!"

कमळाबाईचं हसू गेलं. "नाळ तं लोकाईले दाखवाले असते, बाई. लेकराच्या मागून पडली ते वार म्या त्याच दिशी बुरजाखाली पुरली. तुमी सुदीत नोयत्या. मोठ्या बाईनंच सांगतलं."

पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर होता. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या.

"परतव," अन्नपूर्णा म्हणाली. झिंगू बघतच राहिला. "परतव रे, झिंगूभाऊ!"

अर्ध्या वाटेवर लेकराला एक बारीक उचकी लागली. मग ते रडायला लागलं, आणि आई त्याच्याहून मोठ्यानं.

काठावर गुणवंतराव नव्हते. सासूबाई होत्या. त्यांनी पाण्यात पाऊल टाकून डोंगा धरला आणि सुनेला हात दिला.

"मीबी गुणवंताले घेऊन तेवढ्याच पाण्यापावतर गेलती," त्या म्हणाल्या. "चाल. आंघोळीले पाणी तापवून ठेवलं हाये."